आदिलाबादला खरा चोर, सांगवीला खोटा

"नायी सायेब, सही नायी करत. काम झालं नायी तं सही कायची?"

नामदेवने पेन माझ्या हातात परत ठेवला आणि टीव्हीच्या पेटीला कुलूप घातलं. मी तासभर घाम गाळून संच तपासला होता. चित्र स्वच्छ होतं, आवाज खणखणीत होता. चाळीस फुटी पाइपावरची अँटेनासुद्धा शहाण्या मुलासारखी सरळ उभी होती.

"अहो, पण बिघाड काय आहे?"

"लिवलं हाय ना त्याच्यात."

लिहिलं होतं खरं. तक्रारीच्या चिठ्ठीवर नामदेवच्या गोल अक्षरात मजकूर होता: 'रविवारच्या मालिकेत चोर चुकीचा पकडला. अडकित्ता मोलकरणीने नेला नाही. दिवाणजीने नेला. त्वरित दुरुस्त करावे.'

मला आधी वाटलं, हा माझी चेष्टा करतोय. पण नामदेव चेष्टा करणारा माणूस नव्हता. तो सांगवीच्या ग्रामपंचायतीचा शिपाई होता. वय पन्नाशीचं, टोपी कायम डोक्यावर. गावाला सरकारकडून मिळालेल्या टीव्हीची किल्ली त्याच्या करगोट्याला बांधलेली असे. त्या किल्लीला तो देवळाच्या किल्लीइतका मान द्यायचा.

आता आमच्या कामाची पद्धत थोडी सांगायला हवी. गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. तेव्हा खेड्यांत घरोघरी टीव्ही नव्हते. सरकारने पंचायतींना एकेक सामुदायिक संच दिला होता. तो चावडीत, दारं असलेल्या लोखंडी पेटीत ठेवलेला असायचा. संच बिघडला की राखणदाराने छापील चिठ्ठी भरून आदिलाबादला आमच्या ऑफिसात टाकायची. क्लार्क तिला नंबर द्यायचा. मग मेकॅनिक, म्हणजे मी, सांगवीच्या बाजूला जाणारी बेल्याची बस पकडून जायचा, काम करायचा आणि राखणदाराची सही आणायचा. सही आली की नंबर क्लोज. नाही आली तर पेंडिंग. पेंडिंगचं स्टेटमेंट दर महिन्याला हैदराबादला जायचं.

मी प्रोबेशनवर होतो. दोन वर्षं संपत आली होती. पेंडिंग शून्य असेल तरच नोकरी पक्की होणार होती. आणि नोकरी पक्की झाली तरच सुनंदाच्या वडिलांनी लग्नाची तारीख काढायचं कबूल केलं होतं. ते कोर्टात नाझर होते. कागदावर नसलेली गोष्ट त्यांच्या लेखी नव्हतीच.

सांगवीची ती काही एकच चिठ्ठी नव्हती. दर आठवड्याला एक येत गेली. मी दर वेळी जायचो, नामदेव चहा पाजायचा, पेटी उघडून दाखवायचा आणि सहीचं नाव काढलं की मान हलवायचा. नववी चिठ्ठी आली तेव्हा साहेबांनी मला आत बोलावलं.

आमचे साहेब मूळचे तेलुगू, वाढले हैदराबादच्या जुन्या शहरात. रागावले की दखनीत बोलायचे.

"क्या मुळे, एक गांव से नौ कंप्लेंट? सेट है की क्या है वो?"

"साब, सेट चांगला है. कंप्लेंट मालिके की है. चोर गलत पकडा बोलते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"प्रोग्राम का कंप्लेंट अपने सेक्शन का नै."

"वही तो साब. रद्द करू?"

"नंबर पड गया ना बाबा! स्टेटमेंट हैदराबाद चला गया. नंबर पडा सो क्लोज होना. मेरेकु सही ला के देव, बस."

आता त्या मालिकेबद्दल. दर रविवारी सकाळी ती लागायची. हिंदीत होती. एक चष्मेवाला डिटेक्टिव्ह शहरातल्या फ्लॅटमध्ये राहायचा, स्कूटरवरून हिंडायचा, फोनवरून माहिती काढायचा आणि चोर पकडायचा. आदिलाबादला त्या अर्ध्या तासात रस्त्यावर कुत्रं दिसत नसे. पण या गोष्टी नव्या नव्हत्या. जुन्या काळच्या हेरकथांना नवे कपडे चढवले होते, एवढंच.

हे सांगवीकरांनी दुसऱ्याच आठवड्यात ओळखलं, कारण त्या गोष्टी त्यांना तोंडपाठ होत्या. गावात ठवरे गुरुजी म्हणून निवृत्त शिक्षक होते. त्यांच्याकडे त्या हेरकथांचं एक जुनं मराठी पुस्तक होतं. पुठ्ठा गेलेला, मधली पानं सुटलेली. सांगवीत चातुर्मासात देवळात पोथी लागायची. एक जण वाचणार, दुसरा अर्थ सांगणार. पोथी संपली की लोक उठायचे नाहीत. मग गुरुजी तेच पुस्तक पोथीसारखं लाल फडक्यातून काढायचे आणि त्याच सुरात हेरकथा वाचायचे. अर्थ सांगायला नामदेव. वीसेक वर्षं हे चाललं होतं. त्या पुस्तकातला हेर धोतर-उपरणं घालायचा आणि घोडीवरून फिरायचा.

त्यामुळे मालिका सुरू झाल्यावर गावात रोज तेवढाच विषय.

"घोडी कुठी गेली त्याची? स्कूटर घेऊन हिंडून राह्यला!"

"दिवाणजीचा म्यानेजर केला. पगार वाढला असन."

"चष्मा शोभते त्याले," असं गुरुजींच्या घरच्या पार्वताबाई म्हणायच्या. "पण हा माणूस जेवत नायी कवाच. पाय बरं, एकबी एपिसोडात ताट नायी."

स्कूटर त्यांनी माफ केली. चष्मा आवडला. पण चोर बदलले, हे काही त्यांना माफ करता येईना. मी गुरुजींना भेटलो. म्हटलं, तुम्ही तरी नामदेवला समजवा.

गुरुजींनी मला पाट दिला, लाल फडकं सोडलं आणि नऊच्या नऊ गोष्टींचे शेवट वाचून दाखवले. मग हळूच म्हणाले, "हे पाहा, काळ बदलला, हेराने स्कूटर घ्यावी. माझं काही म्हणणं नाही. पण निरपराध माणसाच्या हातात बेड्या? तेही दर रविवारी? हा हेर नव्हे हो, हा गाढव आहे."

मी रिकाम्या हाताने परतलो.

पुढच्या रविवारी सुनंदाकडे गेलो होतो. तिच्या वडिलांसमोर खुर्चीच्या टोकावर बसून मालिका पाहिली. श्रीमंत म्हाताऱ्याला कोणीतरी विष दिलेलं. डिटेक्टिव्हने आधी भाच्याला धरलं. जाहिराती लागल्या. सुनंदा चहा टाकायला उठली. चहा आला तेव्हा भाचा सुटला होता आणि म्हाताऱ्याचा डॉक्टर पकडला गेला होता.

"मी आधीच म्हटलं होतं, डॉक्टर," सुनंदा म्हणाली. तिचे वडील म्हणाले, "पुरावा भक्कम आहे." मी चहा प्यायलो आणि पोहे खाल्ले. माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. आज हे लिहितानाही स्वतःच्या त्या बधिरपणाचं हसू येतं.

बुधवारी दहावी चिठ्ठी हातात पडली: 'भाच्याला उगाच पकडला. विष डॉक्टरने दिले. दुरुस्त करावे.'

मी पुढचीच बस पकडली.

"नामदेव, डॉक्टरच पकडला की! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"भाचा पकडला सायेब. साऱ्या गावानं पायलं."

"डॉक्टर!"

"भाचा!"

आमचा आवाज ऐकून चावडीत माणसं जमली. त्यांच्यातला एक जण त्या रविवारी कापूस घेऊन आदिलाबादला मुक्कामी होता. तो पुढे आला. "सायेब खरं सांगून राह्यले. म्या आडतीवर पायलं. तिकडं डॉक्टरच धरला."

नामदेव माझ्याकडे वळला. मग एकेक शब्द मोजून म्हणाला, "म्हंजे आदिलाबादले खरा चोर, अन् आमाले खोटा? काऊन बरं? आमी सरकारचे नायी काय?"

झालं! मी आगीत तेल ओतून बसलो होतो. सांगवी पैनगंगेच्या काठावर. नदीपलीकडे महाराष्ट्र. हे गाव राज्याच्या कडेला, त्यामुळे सगळं उशिरा आणि उरलंसुरलं मिळतं ही त्यांची जुनी सल. रॉकेल उरलेलं, बियाणं उरलेलं, मास्तर बदलीची वाट पाहणारा. आता गुन्हेगारसुद्धा उरलेले पाठवतात, हे त्यांना सहज पटलं. त्यांचं काय चुकलं?

"सोमवारी कलेक्टर सायेबाकडे अर्ज देतो," एक म्हातारा म्हणाला. "साऱ्या गावाच्या सह्या करून."

माझी फाइल त्याच सोमवारी साहेबांच्या टेबलावर जाणार होती. दहा पेंडिंग आणि वर कलेक्टरकडे अर्ज. नोकरी, लग्न, सुनंदा, सगळं डोळ्यांसमोरून बेल्याच्या बसने निघून जाताना दिसलं.

त्या आठवड्यात मी मेकॅनिकसारखा विचार करायला लागलो. आधी वाटलं, अँटेना नदीपलीकडचं केंद्र ओढत असेल. पण दिल्लीचा कार्यक्रम दोन्हीकडे एकच. मग वाटलं, शेवटी लाइट जात असेल. पंचायतीच्या पंपवाल्याला विचारलं. रविवारी सकाळी लाइट पक्की असते म्हणाला. संचात काही दोष असेल? संच चित्र बिघडवू शकतो, आवाज खाऊ शकतो. डॉक्टरच्या जागी भाचा पकडणारा बिघाड कुठल्याच मॅन्युअलमध्ये नव्हता. शेवटी ठरवलं, शनिवारीच सांगवीला जायचं आणि रविवारी लोकांत बसून पाहायचं. इतक्या चकरा मारल्या, पण मालिकेच्या वेळी मी तिथे एकदाही नव्हतो. संच तपासला होता, बघणाऱ्यांना कधी तपासलं नव्हतं.

रविवारी चावडी गच्च भरली. बाया एका बाजूला, गडी एका बाजूला, म्हातारे पुढे. गुरुजी मध्यभागी लाल फडकं मांडीवर घेऊन. मालिकेवर लक्ष ठेवायला पुस्तक हवंच. नामदेवने आंघोळ करून, टोपी बदलून पेटी उघडली.

त्या दिवशी वकिलाच्या तिजोरीतून मृत्युपत्र गेलं होतं.

"दमणी होती पुस्तकात. इथी मोटार केली," कोणीतरी कुजबुजलं.

"म्हंजे गाडीवानाचा डायवर झाला."

"वकिलाची बहीण पाय. कशी गोड बोलून राह्यली. तिच्यावर ध्यान ठेवजा."

"डोळे बंद करून विचार करून राह्यला पाय," पार्वताबाई म्हणाल्या. "उपाशी माणसाले झापडच येते."

मला हसू आवरेना. इतक्या मजेने कोणी टीव्ही पाहताना मी पाहिलं नव्हतं. पडद्यावरच्या प्रत्येकाशी ते बोलत होते. डिटेक्टिव्ह स्कूटर सुरू करताना दोन किका वाया गेल्या तर पुढचे तीन म्हातारे "मार, मार, अजून एक" म्हणाले.

शेवट जवळ आला. डिटेक्टिव्हने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. बोट उचललं. ड्रायव्हरवर रोखलं. पोलीस पुढे झाले. संगीत वाजलं आणि साबणाची जाहिरात लागली.

नामदेव उठला. खटका दाबला. पेटीची दारं लावली. कुलूप घातलं.

"पुन्हा खोटा!" गुरुजींनी मांडीवर थाप मारली. "बहीण आहे ती, बहीण! पान एकशे बारा!" चावडीत एकच गलका उठला.

मी ओरडलो, "नामदेव! बंद काऊन केला?"

नामदेव चकित झाला. "तुमीच सांगतलं ना सायेब."

"मी?"

"पेटी बसवली त्या दिशी. म्हणाले, नामदेव, संच तापला तं एलओटी जाते. जाहिरात लागली म्हंजे कार्यक्रम सरला. तेवाच बंद करत जा. म्या लिवून ठेवलं हाय." त्याने पेटीच्या दाराकडे बोट दाखवलं. आतल्या बाजूला खडूने लिहिलेलं मी दहा वेळा पाहिलं होतं, वाचलं एकदाही नव्हतं: 'जाहिरात = बंद. साहेबाचा हुकूम.'

एलओटी म्हणजे संचातला एक भाग. पडद्याला लागणारा हजारो व्होल्टचा दाब तो तयार करतो. बंद पेटीत तापला की जळतो आणि नवा यायला तीन महिने लागतात. म्हणून मी संच बसवताना मोठ्या ऐटीत ती सूचना दिली होती. तेव्हा ती बरोबरही होती, कारण तेव्हाच्या मालिकांत जाहिराती अगदी शेवटी लागायच्या. या नव्या मालिकेने त्या शेवटाच्या थोड्या आधी घातल्या होत्या. डिटेक्टिव्ह आधी चुकीच्या माणसावर बोट रोखायचा, जाहिराती व्हायच्या आणि मग खऱ्या चोराला गाठायचा. दहा आठवडे सांगवीने फक्त चुकीचं बोट पाहिलं होतं. माझ्या हुकमाने! आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोलणार कोणाला?

"उघड! लवकर उघड!"

नामदेव घाईने पुढे झाला. किल्ली दोनदा चुकली. दारं उघडली, संच सुरू झाला. पडदा उजळायला त्या काळी वेळ लागायचा. आधी नुसता आवाज आला: "ड्रायव्हर को छोड दीजिए, इन्स्पेक्टर." मग चित्र आलं. वकिलाची बहीण मान खाली घालून उभी होती आणि तिच्या पर्समधून डिटेक्टिव्ह मृत्युपत्र काढत होता.

मग चावडीत जो कल्ला झाला तो मी बैलपोळ्यालाही ऐकला नाही. म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या. पार्वताबाई बहिणीला उद्देशून असं काही बोलल्या की ते इथे लिहिता येत नाही. गुरुजी मात्र उभे राहिले. त्यांनी पडद्याकडे पाहून हात जोडले.

"दहा आठवडे मी या माणसाला गाढव म्हटलं," ते म्हणाले. "चूक झाली बुवा."

मी सगळ्यांसमोर कान पकडले. लाज वाटत होती आणि हसूही येत होतं. लोकही हसत होते. कलेक्टरचा अर्ज कोणीतरी खिशातून काढून गुरुजींच्या लाल फडक्यात पानाची खूण म्हणून घातला. नामदेव एवढा खूश झाला की त्याने जेवल्याशिवाय मला सोडलंच नाही. दर रविवारची जुनी मजा जाऊ नये म्हणून तिथल्या तिथे ठरावही झाला. जाहिरात लागली की संच चालू ठेवायचा, पण पेटीची दारं ओढून घ्यायची. तेवढ्या वेळात गावाने हात वर करून चोर ठरवायचा. मग दारं उघडायची. तापण्याचा प्रश्न होता, म्हणून पेटीच्या मागे मी त्याच दुपारी आठ भोकं पाडून दिली.

मग चिठ्ठ्या. नामदेव मांडी घालून बसला आणि दहाही चिठ्ठ्यांवर सही केली. सहीच्या वर 'बिघाड काय आढळला' असा रकाना असतो. तो मेकॅनिकने भरायचा असतो, पण मी अडवायच्या आत त्यानेच भरला. दहाही ठिकाणी एकच मजकूर: 'संचात बिघाड नव्हता. मालिकेत नव्हता. साहेबाच्या सूचनेत होता.'

परतीच्या बसमध्ये मी त्या ओळीकडे पाहत बसलो. सही मिळाली होती, पण माझी चूक दहा प्रतींत लिहून मिळाली होती. साहेबांना मराठी वाचता येत नव्हतं. 'वायर सैल होती' असं सांगितलं असतं तर कोणाला कळलं असतं? नोकरी अशीच पक्की झाली असती. बेला ते आदिलाबाद मी हाच विचार केला, खोटं सांगू का?

सोमवारी साहेबांनी चिठ्ठ्या हातात घेतल्या. दहाही सह्या नीट मोजल्या.

"ये ऊपर क्या लिखा?"

समोर नामदेवचं ते गोल अक्षर. खोटी सही करणार नाही म्हणून दहा आठवडे अडून बसलेला माणूस. त्याच्या लिहिलेल्याचा खोटा अर्थ सांगायला माझी जीभ वळेना.

"साब, लिखा है, सेट में फॉल्ट नहीं था. मुळे साब के इन्स्ट्रक्शन में फॉल्ट था."

मग सगळं सांगितलं. खडूचा हुकूम, साबणाची जाहिरात, आठ भोकं. साहेब ऐकत राहिले. चेहऱ्यावर रेषा हलली नाही.

"इन्स्ट्रक्शन में फॉल्ट था?"

"जी साब."

"रिपेर किये की नै?"

"किया साब."

"फिर? फॉल्ट मिला, रिपेर हुआ, पार्टी सही करी. क्लोज." त्यांनी दहाही चिठ्ठ्यांवर शिक्का मारला, माझी फाइल ओढली आणि कन्फर्मेशनच्या कागदावर सही केली. मी उठलो, दारापर्यंत गेलो.

"मुळे!"

"जी साब?"

"कल का एपिसोड. लास्ट में मेरे घर लाइट गया. वो ड्रायव्हरच था ना?"

"नहीं साब. वकील की बहन."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "मिसेस वहीच बोल रही थी."

पस्तीस वर्षं हीच नोकरी केली. संच बदलले, रंगीत झाले, भिंतीला चिकटले. मी एक सवय मात्र सोडली नाही. गिऱ्हाईक अगदीच वेड्यासारखी तक्रार करायला लागलं की स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवायचा आणि विचारायचं, "मागच्या खेपेला मी तुम्हाला काय सांगून गेलो होतो?" निम्मे बिघाड तिथेच सापडतात.